अंगोरा ससा : लोकर, निगा आणि जबाबदारी

कुलू-मनालीची सहल करून आलेल्या अनेक कुटुंबांच्या संग्रही एक छायाचित्र हमखास आढळते. मनालीच्या हिडिंबा देवी मंदिराच्या परिसरात, देवदारांच्या सावलीत, पट्टू नेसलेल्या पहाडी स्त्रिया हातात पांढराशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखा ससा घेऊन उभ्या असतात. थोडे पैसे घेऊन त्या तो ससा पर्यटकाच्या हाती देतात आणि छायाचित्र काढू देतात. मुले त्या सशाच्या लोकरीत बोटे खुपसून हरखून जातात. तो ससा अंगोरा जातीचा असतो. घरी परतल्यावर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : असा ससा आपल्याकडे पाळता येईल काय? त्याच्या लोकरीवर एखाद्या कुटुंबाचा उदरनिर्वाह होईल काय?

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज शेतीपूरक व्यवसायाच्या शोधात आहेत. पालकांपैकी अनेकजण अल्पभूधारक आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर केवळ कौतुकाने न देता सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. अंगोरा सशाचे संगोपन ही एक देखणी कला आहे. परंतु ती करणाऱ्याकडून रोजची निगा, काटेकोर हिशेब आणि मुक्या प्राण्याप्रती असलेले उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टींची ती सारखीच अपेक्षा करते.

नाव आणि वंश

'अंगोरा' हे तुर्कस्तानच्या राजधानीचे, म्हणजे अंकारा शहराचे जुने नाव. लांब केसांची शेळी, मांजर आणि ससा या तिघांनाही हे नाव लाभले आहे आणि त्यामुळे बाजारात पुष्कळ गोंधळ होतो. अंगोरा शेळीच्या केसांपासून मिळते ते 'मोहेर'. 'पश्मिना' येतो तो लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळीपासून. 'अंगोरा लोकर' हे नाव मात्र केवळ सशाच्या लोकरीसाठी वापरले जाते. कुलूच्या बाजारात मफलर किंवा शाल विकत घेताना हा भेद ध्यानात ठेवला, तर फसगत टळते.

अंगोरा ससा अठराव्या शतकापासून फ्रान्समध्ये लोकरीसाठी जोपासला गेला आणि तेथून युरोपभर पसरला. आज त्याचे अनेक प्रकार आहेत. इंग्लिश अंगोरा आकाराने लहान असून त्याच्या कानांवर व चेहऱ्यावरही लोकरीचे झुबके असतात. फ्रेंच अंगोराचा चेहरा बहुतांशी मोकळा असतो आणि त्याच्या लोकरीत भरड केसांचे प्रमाण अधिक असते. जर्मन अंगोरा आकाराने मोठा, साडेतीन ते साडेचार किलो वजनाचा, शुभ्र वर्णाचा व लाल डोळ्यांचा असून लोकरीच्या उत्पादनात तो सर्वांत सरस मानला जातो.

भारतात या सशाचे मुख्य घर हिमाचल प्रदेश होय. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र कुलू जिल्ह्यात गडसा येथे आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात तेथे जर्मन अंगोरा ससे आणले गेले आणि पुढे त्यांची पैदास हिमाचलातील व इतर डोंगराळ राज्यांतील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या माळरानावर दिसणारा ससा हा निराळा वन्य प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. अंगोरासह सर्व पाळीव ससे युरोपातील बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज आहेत. रानातील सशाची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात, तर पाळीव सशाची पिले उघडी व आंधळी जन्मतात. एवढ्या एका लक्षणावरूनही दोहोंतील अंतर कळून येते.

ही लोकर वेगळी का

महाराष्ट्राला लोकर अपरिचित नाही. आपल्या दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीपासून विणलेल्या घोंगड्याने पिढ्यान्‌पिढ्या ऊन, वारा आणि पाऊस अडवला आहे. अंगोरा लोकर तिच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर उत्तम मेरिनो मेंढीची लोकर २० मायक्रॉनच्या आसपास भरते आणि अंगोरा सशाची मुलायम लोकर केवळ ११ ते १५ मायक्रॉनची असते.

या तंतूच्या अंतर्भागात हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यामुळे तो मेंढीच्या लोकरीहून वजनाने हलका असतो आणि अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मूठभर वजनाचा मफलर इतका उबदार का लागतो, याचे रहस्य या पोकळ्यांत आहे.

मात्र हाच गुण सूतकताईत अडचण ठरतो. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर ठळक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि सूत घट्ट पकडून राहते. अंगोराचे तंतू गुळगुळीत असल्याने ते सटकतात, कोरड्या हवेत विजेच्या भाराने उडू लागतात आणि तयार वस्त्रावरून केस गळत राहतात. म्हणून अंगोरा सहसा बारीक मेंढीच्या लोकरीत मिसळून कातला जातो आणि कताईच्या खोलीत हवेत पुरेसा ओलावा राखला जातो. ज्यांच्या घरी अंगोराची शाल किंवा स्वेटर आहे, त्यांनी तो कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पिळू नये आणि दोरीवर न टांगता सावलीत सपाट पसरून वाळवावा.

हवामान आणि निवारा

सशाच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांवाटे व श्वासावाटे बाहेर टाकतो. त्यातच अंगावर लोकरीचे जाड आच्छादन असल्यामुळे अंगोराला थंडीपेक्षा उकाड्याचे भय अधिक. ५ ते २५ अंश हे त्याच्यासाठी सुखावह तापमान होय. ३० अंशांच्या वर त्याचा आहार घटतो, लोकर कमी येते आणि नरांची प्रजननक्षमता मंदावते. ३५ अंशांच्या वर जिवालाच धोका उत्पन्न होतो.

यावरून महाराष्ट्रापुरते उत्तर बव्हंशी मिळते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशचा उन्हाळा या प्राण्याला सोसणारा नाही. महाबळेश्वरासारखी थंड हवेची ठिकाणे प्रथमदर्शनी योग्य वाटतात. परंतु तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत लोकर ओलावते, तिच्या जटा होतात, त्वचेचे व श्वसनाचे विकार बळावतात. अंगोराला थंडी हवी आणि कोरडेपणाही हवा. हिमालयाच्या मधल्या उंचीवरील दऱ्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात, म्हणूनच हा व्यवसाय तेथे रुजला. वातानुकूलन करून आपल्याकडे ससे जगवता येतील, पण त्या विजेचा खर्च लोकरीतून निघणार नाही.

निवाऱ्यासाठी प्रत्येक प्रौढ सशाला स्वतंत्र पिंजरा आवश्यक असतो. एकत्र ठेवलेले नर एकमेकांना गंभीर जखमा करतात आणि एकमेकांची लोकरही कुरतडतात. पिंजरा साधारण ७५ सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असावा. तळाची जाळी अशी हवी की, लेंड्या खाली पडाव्यात पण पाय अडकू नयेत; एका कोपऱ्यात गुळगुळीत फळी ठेवल्यास तळपायांना जखमा होत नाहीत. हवा खेळती हवी, परंतु झोत थेट अंगावर येता कामा नये. मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाने सशांची श्वसनसंस्था लवकर बिघडते. खोलीत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले, तर स्वच्छता अपुरी आहे असे समजावे. मांजर, कुत्रा, मुंगूस आणि उंदीर यांपासून बंदोबस्त करणे अर्थातच अनिवार्य आहे.

आहार

प्रौढ अंगोराला दिवसाला सुमारे १५० ग्रॅम गोळी खाद्य आणि त्याच्या जोडीला वाळलेले गवत व हिरवा चारा लागतो. खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि पुरेसा तंतुमय भाग असावा. लोकर हे मूलतः गंधकयुक्त प्रथिन असल्यामुळे मेथिओनिन व सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव राहिल्यास लोकर विरळ येते. लसूणघास, ओट, तुतीचा पाला आणि विविध गवते सशाला मानवतात. स्वच्छ पाणी अहोरात्र उपलब्ध असले पाहिजे. दूध पाजणाऱ्या मादीला त्याची गरज कितीतरी अधिक असते.

आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या सुबाभळीविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते आणि ते जनावरांच्या केसांची मुळे सैल करते. सुबाभूळ जास्त खाल्लेल्या जनावरांचे केस गळतात, हा अनेक पशुपालकांचा अनुभव आहे. फ्रान्समध्ये याच द्रव्याचा उपयोग अंगोराची लोकर सहज सुटावी म्हणून खाद्यातून करण्यात आला. आपण मात्र लोकरीच्या सशाला हा पाला न घालणेच इष्ट.

ससा रात्री किंवा पहाटे स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हे पाहून नवखे पालक घाबरतात. तो आजार नव्हे. पचनाची ती नैसर्गिक दुसरी फेरी आहे आणि तिच्यातून सशाला ब गटातील जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात.

विंचरणे : रोजचा आरसा

लोकरीच्या सशाचा खरा शत्रू त्याची लोकरच असते. ससा सतत स्वतःचे अंग चाटतो आणि त्याबरोबर केस गिळतो. मांजर उलटी करून केसांचा गोळा बाहेर टाकते. सशाला उलटी करता येत नाही. पोटात केस साठत गेले की अन्नमार्ग अडतो, ससा खाणे सोडतो, लेंड्या लहान होत जातात किंवा केसांनी माळेसारख्या गुंफलेल्या पडतात आणि वेळीच लक्ष न दिल्यास तो दगावतो. भरपूर वाळलेले गवत, पुरेसे पाणी, आठवड्यातून एक दिवस गोळी खाद्य बंद ठेवून केवळ गवत देणे आणि नियमित विंचरणे, हे यावरचे प्रतिबंधक उपाय आहेत.

विंचरण्यासाठी सशाला कधीही कानांनी उचलू नये. एका हाताने मानेमागची सैल कातडी व छाती आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग आधार देऊन धरावा. मागचे पाय अधांतरी राहिले, तर ससा जोराने झटका देतो आणि त्या झटक्याने त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. टेबलावर गोणपाट अंथरून त्याला बसवावे. पाय घसरले नाहीत की तो शांत राहतो. लोकरीवर हलकी फुंकर घातली असता ती दुभंगते आणि त्वचा दिसते. तेथून रुंद दातांच्या धातूच्या फणीने टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे मोकळे करीत जावे. काखा, पोट, कानांमागचा भाग आणि शेपटीखालची जागा येथे जटा आधी होतात. जट ओढून सोडवण्याचा प्रयत्न करू नये. सशाची कातडी कागदासारखी पातळ असून ती फाटते. जट बोटांनी सैल करावी, न सुटल्यास कात्रीने कापावी.

आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे दिलेला हा वेळ म्हणजे प्रत्येक सशाची आरोग्यतपासणीच असते. नाक ओले आहे काय, पुढच्या पंजांवर नाक पुसल्याचे डाग आहेत काय, कानात तपकिरी खपल्या आहेत काय, दात वाकडे वाढले आहेत काय, वजन घटले आहे काय, या साऱ्या गोष्टी फणी हातात असतानाच कळतात. नखेही याच वेळी कापावीत. नखांतील रक्तवाहिनी दुखावू नये एवढे पाहावे.

लोकर कातरणे

अंगोराची लोकर महिन्याला अडीच ते तीन सेंटिमीटर वाढते. साधारण ७५ ते ९० दिवसांनी, म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा, ती कातरतात. पिलांची पहिली कातरणी दोन महिन्यांच्या सुमारास होते. तिची लोकर आखूड व अल्प असते, परंतु पुढची वाढ चांगली होण्यास तिची मदत होते. भारतात चांगल्या निगराणीखालील जर्मन अंगोरा वर्षाला साधारण ६०० ते ८०० ग्रॅम लोकर देतो. मादी नरापेक्षा अधिक लोकर देते. मात्र गाभण व दूध पाजत असण्याच्या काळात तिचेही उत्पादन घटते.

कातरण्यापूर्वी सशाला नीट विंचरून घ्यावे. पाठीच्या कण्याच्या रेषेत भांग पाडून तेथून एकेक ओळ बगलेकडे कातरत न्यावी. कात्री त्वचेला समांतर धरावी आणि एकाच कापात लोकर मुळाशी सुटेल असे पाहावे. दुसऱ्यांदा मारलेल्या कात्रीतून निघणारे बारीक तुकडे सुताचा दर्जा बिघडवतात. लोकर ओढून धरली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि कापली जाते, हे सतत ध्यानात ठेवावे. मादीच्या स्तनाग्रांवर व जननेंद्रियाजवळ पहिल्यांदा बोट ठेवावे आणि मगच कात्री चालवावी. सराव झालेल्या हाताला एका सशासाठी अर्धा-पाऊण तास लागतो.

कातरतानाच लोकरीची प्रतवारी करावी. पाठ व बगलांवरील लांब, स्वच्छ लोकर एका डब्यात. पोट, मान व पायांवरील आखूड लोकर दुसऱ्यात. जटा झालेली किंवा मळलेली लोकर तिसऱ्यात. एकदा मिसळलेली लोकर पुन्हा निवडता येत नाही आणि सगळ्या ढिगाला निकृष्ट प्रतीचाच भाव मिळतो. लोकर दाबून भरू नये, ओल लागू देऊ नये आणि कसर लागू नये म्हणून कोरड्या, बंद डब्यात ठेवावी.

कातरलेला ससा एकाएकी उघडा पडतो. पुढचे काही दिवस त्याला थंड वाऱ्यापासून जपावे, पिंजऱ्यात गवताने भरलेली पेटी द्यावी आणि आहार थोडा वाढवावा. विण्याच्या आधीच्या दहा दिवसांत मादीला कातरू नये.

प्रजनन : नोंदवहीशिवाय पाऊल नको

अंगोरा मादी सात-आठ महिन्यांची आणि तीन किलोंच्या पुढे वजनाची झाल्यावरच तिला नराकडे न्यावे. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे, उलट करायचे नाही. मादी आपल्या जागेत आलेल्या नरावर हल्ला करते. गाय-म्हशीप्रमाणे सशाला ठरावीक दिवसांनी माज येत नाही. संयोगानंतर सुमारे दहा तासांनी मादीच्या अंडाशयातून अंडी सुटतात. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. बाराव्या ते चौदाव्या दिवशी अनुभवी व्यक्ती पोटावर अलगद हात ठेवून गर्भ ओळखू शकते.

२७ व्या-२८ व्या दिवशी पिंजऱ्यात विण्याची पेटी ठेवावी. मादी गवत पसरते आणि स्वतःच्या पोटावरची लोकर उपटून घरटे मऊ करते. येथे अंगोराच्या बाबतीत एक विशेष धोका संभवतो : तिची लांब लोकर पिलांच्या मानेभोवती किंवा पायांभोवती गुंडाळली जाऊन फास बसू शकतो. म्हणून घरट्यातील लोकर बाहेर काढून, आखूड कापून पुन्हा पसरावी. पिले उघडी, आंधळी असतात. दहा ते बारा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. आई दिवसातून एकदा, तीही काही मिनिटेच, दूध पाजते. ती दिवसभर पिलांजवळ दिसत नाही म्हणून तिने त्यांना टाकले असे समजू नये. पिलांची पोटे गोल व तट्ट असतील तर सारे ठीक आहे. सहा आठवड्यांनी पिले तोडावीत.

आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. प्रत्येक सशाच्या कानात क्रमांक गोंदवून त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी : आई-वडील, जन्मदिनांक, प्रत्येक कातरणीची लोकर ग्रॅममध्ये, वजन, आजार. जवळच्या नात्यातील संकर टाळण्यासाठी आणि पुढच्या पिढीसाठी जोडी निवडण्यासाठी या नोंदींखेरीज दुसरा आधार नाही. डोळ्यांना भरघोस दिसणारा ससा तराजूत अनेकदा मागे पडतो.

आजारांपैकी कॉक्सिडिओसिस पिलांचा सर्वाधिक घात करतो. कोरडा, स्वच्छ तळ हा त्यावरचा पहिला उपाय. सर्दीसारखा दिसणारा पाश्चुरेला जंतूंचा संसर्ग, कानातील खरूज आणि तळपायांच्या जखमा यांवरही लक्ष ठेवावे. औषध मात्र पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. माणसांसाठी घरात असलेली पेनिसिलिन गटातील गोळी सशाच्या तोंडात घातल्यास त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि तो प्राणास मुकू शकतो.

हिशेब मांडून पाहा

आता उदरनिर्वाहाचा प्रश्न. समजा, थंड व कोरड्या प्रदेशात कोणी २५ प्रौढ ससे पाळले. प्रत्येकी सरासरी ६५० ग्रॅम धरल्यास वर्षाला सव्वासोळा किलो लोकर मिळेल. दररोज १५० ग्रॅमप्रमाणे २५ सशांना वर्षाला सुमारे १,३६९ किलो गोळी खाद्य लागेल. म्हणजे एक किलो लोकरीमागे सुमारे ८४ किलो खाद्य. आपल्या गावातील एक किलो खाद्याचा भाव ८४ ने गुणावा. येणारी रक्कम म्हणजे एक किलो लोकरीचा केवळ खाद्यखर्च. गवत, औषधे, पिंजरे, पिले आणि स्वतःची मजुरी त्यात धरलेली नाही. कच्च्या लोकरीला मिळणारा भाव या रकमेशी ताडून पाहिला की, घरचा हिरवा चारा वापरून खाद्यखर्च कमी केल्याविना आणि लोकर घरीच कातून, विणून वस्त्ररूपाने विकल्याविना हा व्यवसाय उभा राहणे किती कठीण आहे, ते ध्यानात येईल. कुलूच्या खोऱ्यात विणकामाची जुनी परंपरा आणि वर्षभर येणारा पर्यटक, हे दोन्ही आधार आहेत. तरीही चीनमधून येणाऱ्या स्वस्त लोकरीच्या स्पर्धेने तेथील पालकांना जेरीस आणले आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. "ससे आमच्याकडून घ्या, पिले आम्हीच परत विकत घेऊ" अशा आश्वासनावर कर्ज काढू नका. ज्या व्यवसायात नफा वस्तूच्या विक्रीतून न येता नव्या पालकांना जोड्या विकण्यातून येतो, तो नवे पालक मिळेनासे झाले की कोसळतो आणि शेवटी आलेल्याच्या अंगणात पिंजरे व कर्ज उरते. जोडी विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षी तुम्ही किती किलो लोकर विकली, कोणाला विकली आणि पावती दाखवाल काय? ज्यांना हा विषय गांभीर्याने अभ्यासायचा आहे, त्यांनी अविकानगरची संशोधन संस्था, तिचे गडसा केंद्र आणि जोधपूर येथील केंद्रीय लोकर विकास मंडळ यांच्याकडून माहिती घेऊन, प्रत्यक्ष पाहून, मगच निर्णय करावा.

लोकर घेताना हिंसा होते काय?

शेवटी एक प्रश्न, जो आपल्या समाजात विचारला जातो आणि विचारला गेलाच पाहिजे. लोकर कातरताना ससा मरत नाही. कुशल हाताने कातरल्यास त्याला इजाही होत नाही. उलट, लोकर न कातरल्यास ती त्यालाच जाचक ठरते. परंतु लोकर मिळवण्याची दुसरीही एक रीत आहे. काही जातींची लोकर ठरावीक काळी आपोआप सुटते आणि ती बोटांनी अलगद काढता येते. न सुटलेली लोकर जिवंत सशाच्या अंगावरून हिसकून उपटणे ही मात्र निव्वळ क्रूरता होय. २०१३ साली चीनमधील अशा उपटणीचे चित्रण जगापुढे आले, तेव्हा अनेक मोठ्या वस्त्रकंपन्यांनी अंगोराची खरेदीच थांबवली. एका देशातील क्रौर्याची किंमत कात्रीने हळुवार लोकर काढणाऱ्या प्रामाणिक पालकांनाही मोजावी लागली.

याहून अवघड प्रश्न संख्येचा आहे. एका मादीची वर्षाला तीन वेते आणि प्रत्येकी पाच पिले जगली, असे धरले तरी दहा माद्यांपासून वर्षाला दीडशे पिले होतात. त्यांतील सुमारे पाऊणशे नर. पैदाशीला हवा असतो एखाद-दुसरा. उरलेल्यांचे काय करायचे? वर्षाला सुमारे ५५ किलो गोळी खाद्य खाणाऱ्या आणि लोकर घटत चाललेल्या म्हाताऱ्या सशांचे काय करायचे? ज्यांनी हा प्रश्न आधी विचारात घेतलेला नसतो, त्यांच्याकडे त्याचे उत्तर बहुधा खाटकाकडे जाऊन थांबते. अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत शस्त्र, मद्य आणि विष यांच्या जोडीने प्राण्यांचा व मांसाचा व्यापारही सांगितला आहे. सम्यक आजीविकेचा विचार करणाऱ्याला हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही.

यावर व्यवहार्य मार्ग आहे, पण तो नफा कमी करणारा आहे. जेवढ्या सशांना मरेपर्यंत पोसता येईल, तेवढीच वेते घ्यावीत. जादा नरांची नसबंदी करून घ्यावी. असे नर शांत होतात आणि लोकर देत राहतात. पाळीव ससा आठ वर्षांपर्यंतही जगतो. तेव्हा पिलू जन्माला घालण्यापूर्वी त्याच्या म्हातारपणाची तजवीज हिशेबात धरावी. ती धरल्यावर वहीत तोटा दिसत असेल, तर तो व्यवसाय आपल्यासाठी नाही असे प्रामाणिकपणे समजावे.

मनालीच्या देवदारांखाली दिसणाऱ्या त्या सशाविषयीही एक शब्द. उन्हात, गर्दीत, दिवसभर हातोहात फिरणारा तो प्राणी मुका असल्यामुळे तक्रार करत नाही, एवढेच. पुढच्या सहलीत मुलांनी त्याला घ्यायचा हट्ट धरलाच, तर त्याला कानांनी न उचलता मागच्या पायांखाली हात देऊन कसे धरायचे, हे त्यांना शिकवावे आणि क्षणभराने तो परत त्याच्या मालकिणीच्या कुशीत द्यावा. आणि कुलूच्या एखाद्या विणकर स्त्रीने आपल्या सशांच्या लोकरीचा मफलर पुढे केला, तर लोकर कशी काढता, असे तिला विचारावे. कातरणीने असे उत्तर आले आणि माल खरा वाटला, तर फार घासाघीस न करता तो घ्यावा.